अंगठा क्रमांक एक

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

आले एकदाची घोटावड्याला! दोन बॅगा, एक कुकर आणि ही कोरी वही. वाईहून निघताना आईनं सतरा वेळा विचारलं, की पुण्यातलं चांगलं ऑफिस सोडून कुणी खेड्यात नोकरीला जातं का. जातं, मी जाते. पुण्यात मी तीनशे जणांतली एक होते, इथं नऊ जणांतली एक आहे, आणि माझ्या कामात मला शहाणपण शिकवणारं इथं कुणी नाही.

खोली मस्त आहे. तिसरी इमारत, वरचा मजला, शेवटचं दार, साठ नंबर. खिडकीतून एकीकडं कारखान्याचे पत्रे दिसतात आणि दुसरीकडं उरलीसुरली भातखाचरं, आत्ता पार वाळून भेगाळलेली. या तिन्ही इमारतीसुद्धा खाचरांवरच उभ्या आहेत म्हणे. मालकीण धोंडाबाई सत्तरीच्या, नऊवारीतल्या, खणखणीत आवाजाच्या. आल्या आल्या चहा पाजला आणि लग्न झालंय का विचारलं. नाही म्हटल्यावर, लई बरं हाय, म्हणाल्या! मला बाई एकदम आवडल्या.

आमची कंपनी कुलुपं बनवते. किल्लीची नव्हेत, अंगठ्याची. भाड्याच्या खोल्यांना बसवतो. सगळी कुलुपं एका नेटवर्कवर, आणि कुणी कुठलं दार किती वाजता उघडलं ते ऑफिसातल्या पडद्यावर उमटतं. पहिली साठ कुलुपं याच तीन इमारतींना बसली, खोलीगणिक कारखान्यात कामाला आलेली एकेक मुलगी. माझं काम एका ओळीत सांगता येतं: ज्याला जेवढी दारं लागतात तेवढीच द्यायची, वर एकही नाही. दूधवाल्याला फाटक पुरतं, त्याला माजघर कशाला?

आमचा इंजिनिअर सुरज, चष्मेवाला, कायम घाईत. माझा अंगठा नोंदवायला घरी आला होता. मी म्हटलं, नवीन खातं उघडा. तो म्हणाला, मॅडम, नवीन कशाला, मालक-आजोबांच्या खात्यावरून उचलतो की, एका मिनिटात होतं. झालंही. आणि मला साठच्या साठ दारं मिळाली! मी पोट धरून हसले. म्हटलं, बाबा रे, हेच बंद करायला मला आणलंय. पण प्रवासानं अंग आंबलं होतं, म्हणून राहू दे म्हटलं, नंतर बघू. आता झोपते.

५ फेब्रुवारी, बुधवार

ऑफिस फाट्यावर आहे, हार्डवेअरच्या दुकानाच्या माडीवर. खालून दिवसभर पाइप कापण्याचा आवाज येतो. दोन वाजता सगळे मिळून डबा खातो. आज माझ्या डब्यात धोंडाबाईंनी दिलेलं पावट्याचं कालवण होतं, त्यावर सगळ्यांनी झडप घातली.

मग यादी काढली आणि माझं डोकंच फिरलं. एका खोलीत राहणारी मुलगी एक, आणि तिचं दार उघडणारे अंगठे अकरा! रखवालदार, झाडणारी बाई, खुद्द सुरज, दोन वर्षांपूर्वी गाव सोडून गेलेला प्लंबर. एक अंगठा कुणाचा ते तर कुणालाच आठवेना. हे असं का, विचारलं तर सुरज मान खाजवायला लागला. नवा माणूस आला की जुन्याच्या खात्याची नक्कल मारायची, ही यांची पद्धत. एकाची दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला. कुणाला खरं काय लागतं ते विचारायची तसदी कुणी घेतलेलीच नाही.

आणि प्रत्येक दाराच्या यादीत पहिली ओळ तीच. अंगठा क्रमांक एक, कुशाबा. धोंडाबाईंचे मालक. पहिलं कुलूप त्यांच्याच अंगठ्यावर चालवून बघितलं आणि पुढची एकोणसाठ त्या पहिल्यावरून उचलली. गृहस्थ गेल्या श्रावणात वारले. म्हणजे मेलेल्या माणसाला आजही साठ मुलींची दारं मोकळी आहेत. मी म्हटलं, पुसून टाका. सुरज म्हणाला, तेवढं नका सांगू. पहिला अंगठा पुसला की कुलूप सगळंच विसरतं, मग त्या मुलीला समोर उभी करून तिचा अंगठा नव्यानं घ्यावा लागतो. साठ जणी कोण गाठत बसणार?

मी गाठेन की. मला कुठं घाई आहे?

७ फेब्रुवारी, शुक्रवार

शेजारची, एकोणसाठ नंबरची दिशा आज चारला कामावरून आली आणि थेट माझ्याकडं. वीस वर्षांची आहे, डोंगरातल्या वाडीवरची, इथल्या कारखान्यात पॅकिंगला. पदराशी चाळा करावा तशी ओढणी पिळत बसली. मग म्हणाली, ताई, माझ्या खाटंवर दुपारचं कुणीतरी बसून जातंय. काही चोरीला जात नाही. पंखा बंद केलेला असतो, नळ घट्ट पिळलेला असतो, आणि गादीला खळगा असतो. आणि फरशीवर चिखल. ओला. या दिवसांत गावात कुठंही नसलेला चिखल.

तक्रार कर म्हटलं तर रडकुंडीला आली. बापानं एका अटीवर पाठवलंय: खोलीत कुणी शिरलं असं नुसतं कानावर आलं तरी त्या दिवशी घरी, आणि पाडव्यानंतर लग्न. तिच्या वाडीवर घराला दारच नाही म्हणाली, पोतं असतं. जन्मात पहिल्यांदा तिच्या अंगठ्यानं उघडणारं दार मिळालंय, ते जायला नको एवढंच तिचं म्हणणं.

मला भयंकर राग आला. मी मामाकडं शिकायला होते तेव्हा न्हाणीला कडी नव्हती. ज्याला वाटेल तो पडदा सारून साबण मागायला यायचा. पाच वर्षं मी अंघोळ गाणं म्हणत केली, आत कुणी आहे हे कळावं म्हणून. त्यामुळं हे काम माझ्यासाठी नुसतं काम नाही. दिशाला सांगितलं, तुझं दार तुझंच राहील, मी बघते.

११ फेब्रुवारी, मंगळवार

नोंदी उघडल्या. रोज दुपारी दोन वीसला दार एक. अंगठा क्रमांक एक. दोन मिनिटांनी दार दोन. मग तीन. साठ दारं, प्रत्येकी दोन मिनिटं, चार वीसला फेरी पूर्ण. रविवारीसुद्धा खाडा नाही. सहा महिने!

मी सरळ सुरजलाच धरलं. म्हटलं, म्हाताऱ्याच्या अंगठ्याची नक्कल बनवून मुलींच्या खोल्यांत कोण शिरतंय? तू? त्याचं तोंड एवढंसं झालं. दोन वीसला तो माझ्या समोरच बसून डबा खातो की. खरंच आहे ते. रागाच्या भरात बोलून गेले, संध्याकाळी माफी मागितली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज जेवायला गेलेच नाही. पहिल्या इमारतीच्या जिन्यावर बसले. दोन वीसला एक नंबरच्या कुलपाचा हिरवा दिवा लागला. दार उघडलं आणि मिटलं. मधे कुणीही नव्हतं. आत पंखा थांबल्याचा आवाज आला, दोन मिनिटांनी दार पुन्हा उघडलं आणि मिटलं. मग दोन नंबर.

मी पळाले नाही, हे इथं मुद्दाम लिहून ठेवते. उतरले आणि कुलपाची काच बघितली. चिखलाचा अंगठा, ओला, आणि त्यावर आडवा कापल्याचा व्रण. मी ओढणीनं खसाखसा पुसला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

धोंडाबाईंकडं गेले आणि आडपडदा न ठेवता विचारलं, कुशाबांच्या अंगठ्यावर व्रण होता का. त्या तांदूळ निवडत होत्या, हात थांबला. म्हणाल्या, व्हय, इळा लागल्याला, भातकापणीत.

मग त्यांनीच सगळं सांगितलं. म्हातारा उभा जन्म रोज जेवण उरकून खाचरांवर फेरी मारायचा. एका खाचरातलं पाणी दुसऱ्यात वळवायचं, बांध फुटलाय का बघायचं. खाचरं जाऊन खोल्या झाल्या, पर फेरी न्हाई सुटली. आपलीच जागा हाय म्हणायचा, इचारायचं कुणाला? पंखा बंद करायचा, नळ पिळायचा, वाईच टेकायचा, की फुडलं दार. वाईट नजरंचा नव्हता वो, म्हणाल्या. खोल्यांना आतून कड्या त्यानंच बसवू दिल्या नाहीत. आतून बाहेर पडायलाही अंगठाच लागावा, हाही त्याचाच हट्ट, कोण कधी गेलं ते कळायला पाहिजे म्हणून.

मग आवाज खाली आला. श्रावणात एका दुपारी म्हातारा फेरीला गेला तो परत आलाच नाही. विहिरी बघितल्या, ओढा बघितला, गाव पालथं घातलं. म्हातारा दोन मिनिटांच्या वर कुठं टेकायचा नाही, मग परक्या पोरीच्या बंद खोलीत असेल असं कुणाच्या मनात येणार? पोरगी गावी गेली होती, तिसऱ्या दिवशी परतली आणि तिनं दार उघडलं. छातीत कळ येऊन खाटेवर बसल्या बसल्याच गेला होता.

कुठली खोली, विचारायची गरजच नव्हती. माझी. साठ.

आजी रडल्या. म्हणाल्या, त्याचा अंगठा पुसू नगा, दारात अडवलं तर कुटं जाईल त्यो? मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू. पण मी म्हटलं, आजी, तुमचं दुःख मोठं आहे, पण ही दारं त्यांची नाहीत. जिवंतपणीही नव्हती. त्या सूप उचलून आत गेल्या.

खोली सोडायची नाही असं ठरवलंय. का म्हणून सोडू?

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सुरू केलं! एक नंबरपासून. पहिला अंगठा पुसायचा, कुलूप कोरं करायचं, राहणारीचा अंगठा घ्यायचा, बास. शिवाय देखभालीसाठी माझा स्वतःचा, तो सगळ्यांत शेवटी काढायचा. आज चार दारं झाली. दिशा संध्याकाळी आली, म्हणाली, ताई, माझं आधी करा ना. मी म्हटलं, शिस्तीत एकापासून साठपर्यंत जाऊ, नाहीतर घोळ होतो, तुझीही पाळी येईलच. ती बरं म्हणाली.

दोन वीसला त्या चार दारांवर लाल दिवा लागला. काचेवर चिखल, पण दार हललं नाही. मी एकटीनंच टाळ्या वाजवल्या.

२४ फेब्रुवारी, सोमवार

वीस झाली. एक गोष्ट खटकली. उरलेल्या चाळीस दारांत तो आता दोनच्या ऐवजी तीन मिनिटं थांबतो. फेरी दोन तासांचीच, दारं कमी झाली तसा मुक्काम वाढला. बारा उरली की दहा मिनिटं. पुढचं मी मनातल्या मनात करून बघितलं आणि सोडून दिलं. भीती दाखवतोस होय रे म्हाताऱ्या? दाखव.

१ मार्च, शनिवार

दिशा काल चुलतबहिणीच्या लग्नाला वाडीवर गेली, बारा तारखेला येणार. तिचं दार राहिलं! मी चाळिसाव्यावर होते. ती समोर नसताना कुलूप कोरं केलं तर तिला परत आल्यावर आत जाता येणार नाही, म्हणून हात लावता येत नाही. तिनं सांगितलं होतं आधी करा म्हणून. माझी शिस्त! मलाच दोन लावाव्याशा वाटतात.

७ मार्च, शुक्रवार

अठ्ठावन्न झाली. दोन उरली, तिचं आणि माझं. माझं काय, कधीही होईल, पण तिला एकटीला दोन तासांच्या तोंडी नाही द्यायची. म्हणून माझं उघडं ठेवलंय. तासभर तिकडं, तासभर इकडं.

ऑफिसातून आले तर माझ्या गादीला खळगा, आणि चादर ओली. फरशीवर पावलं. मी बादली घेतली, फिनेल घेतलं, खसखसून पुसलं आणि मोकळ्या खोलीला मोठ्यानं सांगितलं, की चपला दाराबाहेर काढायची रीत आहे. नंतर रडले. पण आधी पुसलं.

दुपारचं काय खाल्लं ते आठवत नाही. दमले असेन.

१० मार्च, सोमवार

हे कसं लिहू?

आज नोंदीत दोन वीसला दार एक उघडलं. दोन वीसला! मग दोन, मग तीन. सगळी अठ्ठावन्न, मी स्वतः पुसून घट्ट केलेली. पुन्हा दोन-दोन मिनिटं.

अंगठा क्रमांक एक नव्हे. प्रत्येक ओळीत नाव — रजनी.

माझं.

११ मार्च, मंगळवार

काल दोन वीसला मी ऑफिसात डबा खात होते. मी तसं सुरजला सांगितलं. तो माझ्याकडं बघतच राहिला. म्हणाला, मॅडम, चार दिवस झाले, तुम्ही जेवायला बसतच नाही. दोनला उठता आणि साडेचारला येता. आम्हाला वाटलं इमारतींवर काम असेल. काल तुमच्या चपलांना चिखल होता, विचारणार होतो.

डबा उघडला. चार दिवसांचं आंबलेलं कालवण.

पहिल्या इमारतीतल्या दोघी तणतणत आल्या होत्या, आमच्या खोलीत मॅडमचा अंगठा का म्हणून. काय सांगणार? आणि धोंडाबाईंना दिशाच्या बापाचा फोन. इथल्या कुणीतरी कळवलंय त्याला. लेकीला उद्या सोडतोय, पण पुन्हा एकदा दार उघडलं गेलं तर शुक्रवारी येऊन सामानासकट नेईन.

पुन्हा एकदा. म्हणजे उद्या किंवा परवा.

१२ मार्च, बुधवार

माझ्या उजव्या अंगठ्यावर आडवा व्रण. दुखत नाही. जुना दिसतो. नखात चिखल, ब्रशनं घासला तरी —

आता लख्ख कळलंय. पहिल्या दिवशी माझं खातं कुणावरून उचललं? आजोबांच्या, म्हणजे कुशाबांच्या. मी साठ दारांवर त्याचा अंगठा पुसत होते, आणि त्याची नक्कल मीच बोटावर घेऊन हिंडत होते. साठच्या साठ दारांची. राहू दे म्हणाले होते ना, नंतर बघू. सगळ्यांना शहाणपण शिकवलं आणि माझं स्वतःचं तेवढं राहू दिलं. हाड!

आज दोन ते साडेचार. आठवत नाही. कालच्या पानाखाली, सही करतात तिथं, चिखलाचा अंगठा उठलाय. मी उठवलाय.

घाबरले आहे. पण खरं सांगायचं तर घाबरण्यापेक्षा संताप जास्त आहे. माझा हात आहे हा. मामाच्या न्हाणीत जो पडदा घट्ट धरून ठेवायचा तोच. हा मी कुणालाही वापरू देणार नाही, मेलेल्याला तर नाहीच.

दिशा आत्ताच आली. हातात चुलतबहिणीच्या लग्नात भरलेला हिरवा चुडा. उद्या सकाळी तिचं दार, मग माझे सगळे अधिकार रद्द. आधीच करायला हवं होतं हे.

१३ मार्च, गुरुवार. होळी

सकाळी सात. दिशाचा अंगठा घेतला. एकोणसाठ तिचं, फक्त तिचं. ती हसली. साठ नंबरचंही कुलूप कोरं केलं, तिथं माझा अंगठा नव्यानं घेतला. मग माझ्या खात्यातून एकोणसाठ दारं काढली. एकच उरलं, साठ.

तेही काढायचं. दोनला मी खोलीत असणार, दार बंद, आणि आतून उघडायला माझा अंगठा चालणार नाही. आतून कडी बसवूनही उपयोग नाही, माझाच हात ती काढेल. दार उघडेल एकटी दिशा, साडेचारला, कामावरून आल्यावर, फेरीची वेळ टळली की. तिला साठ नंबर दिलाय. ती कामावर निघायच्या घाईत, सात वाजून गेलेले, म्हणून माझ्याच खात्यावरून उचलला, एका मिनिटात झालं. माझ्या खात्यात आता एकच दार आहे, म्हणजे नक्कल मारली तरी तिला तेवढंच मिळतं. तिचं एक आणि हे एक. बरोबर आहे.

नोंदी बघायचा अधिकार फोनवर ठेवलाय. बदलायचा नाही. जेवढं लागतं तेवढंच.

१:५५ — आत आले. माझा अंगठा पुसला. लावून बघितला. लाल. शाब्बास!

खाली पोरं होळीची लाकडं रचतायत. ऊन आहे. सगळं किती नेहमीसारखं आहे.

२:१८ — उजवा हात गार पडलाय. खुर्चीच्या हाताला ओढणीनं बांधला. डाव्यानं लिहितेय. अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

२:२० — फोनवर नोंदी. दार एक, काही नाही. दार दोन, काही नाही. अठ्ठावन्न दारं गप्प! ऐकतोस ना म्हाताऱ्या? एकही नाही मिळणार! अठ्ठावन्न पोरींची —

२:२१ — एकोणसाठ उघडलं.

नाव — दिशा.

दिशा कामावर आहे. साडेतीनपर्यंत —

नक्कल. माझ्या खात्यावरून. दार एकच गेलं, पण त्यासोबत तो — अगं बाई, मी काय करून बसले —

२:२५ — शेजारी पंखा थांबला. नळ पिळला. बांगड्या वाजल्या. काचेच्या. हाका मारतेय, दिशा, दिशा. ओ देत नाही. खाट करकरली. ती बसलीय —

३:१० — अजून तिथंच. सुरजला कधीपासून फोन लावत होते. उचलला. म्हटलं, दिशाचं खातं कोरं कर, पहिल्यापासून, कुणावरूनही उचलायचं नाही. पळत निघालाय फाट्याकडं, ऑफिसातल्या कॉम्प्युटरपर्यंत दहा मिनिटं —

अंगठा तिचा आहे. फक्त मधला तो पुसायचा. पुसता येतो. साठ वेळा पुसलाय मी.

३:२० — बांगड्या. बाहेर. माझ्या दाराशी.

हिरवा दिवा.

पाय लावलाय दाराला. खुर्ची घसटत आणलीय. उजवा हात ओढणी तोडून आतून मूठ ओढतोय, माझाच हात — मी त्यावर बसलेय —

फटीतून चिखल येतोय. तिची बोटं. चुडा. व्रण नाही अजून, नाही अजून —

तुला दोनच दारं उरलीत कुशाबा, आणि दोन्हीच्या मधे मी आहे. हे तुझं खाचर नाही. विचारल्याशिवाय आत यायचं नाही. पोरीला सोड —

दिशा, ऐक, माझा आवाज ऐकू येतोय ना, अंगठा काचेवरून काढ, तो तुझा आहे, त्याला म्हण, माझा आहे म्हण, मोठ्यानं म्हण, की माझा —